पाटी नसलेले गॅरेज आणि बीटलचा जाम झालेला हँडब्रेक

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग विरळ होत जाते, तेथील एका बोळात पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. दारावर पाटी नाही, छापील कार्ड नाही, आणि मालक मिस्त्रींचा स्वभाव पाहता ही दोन्ही होण्याची शक्यताही नाही. माझ्या १९६६ सालच्या फोक्सवॅगन बीटलच्या हँडब्रेकचे काम मी दसऱ्यानंतर तेथे करून घेतले. त्याला आता सहा महिने होत आले आहेत. पहिल्या आठवड्यातला आनंद ओसरला आहे, आणि काम खरोखर कसे झाले हे सांगता येईल इतकी गाडी चाललीही आहे.

मुळातली चूक माझीच होती. पावसाळ्याचे चार महिने गाडी आच्छादनाखाली उभी होती आणि ती मी हँडब्रेक ओढून उभी केली होती. ड्रम ब्रेकची जुनी गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर ती पहिल्या गिअरमध्ये टाकावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा, हे मला माहीत होते. पण जूनमध्ये आच्छादन घालण्यापूर्वी हात सवयीने लिव्हरकडे गेला. दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढू लागलो, तेव्हा लिव्हर निमूटपणे खाली गेला, इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले, आणि मागचे डावे चाक मात्र न फिरता फरशीवरून घासत आले. झेंडूची माळ त्या वर्षी गाडीला अंगणात नव्हे, शेडमध्येच घालावी लागली.

प्रथम मी घराजवळच्या एका गॅरेजात गेलो. त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तेथे जे झाले ते बहुतेक ठिकाणी होते. ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर, चहूबाजूंनी हातोडीने ठोकून त्याला आतून दाबणारे शू सुटे करण्यात आले, केबलच्या टोकाशी निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० फवारला गेला, लिव्हर वीसेक वेळा वर-खाली झाला, आणि तो आता फार वर येतो असे दिसल्यावर लिव्हरच्या बुडाशी असलेला एक नट चांगला आवळून टाकला गेला. पंधरा मिनिटांत सगळे आटोपले. चार दिवसांनी वारज्याहून परत येताना शूवरच्या घर्षणपट्टीचा, म्हणजे लायनिंगचा, जळका वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन डाव्या ड्रमवर बाटलीतले पाणी शिंपडले, तर ते चर्र करून उडून गेले.

त्या फवाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पाणी हटवणारे मिश्रण तयार करण्याचा चाळिसावा प्रयत्न, असा त्याच्या नावाचाच अर्थ आहे, आणि गंजलेला नट सैल करायला तो उत्तम आहे. पण दोन्ही टोके जवळजवळ बंद असलेल्या केबलच्या बाहेरच्या नळीत तो मधोमध पोहोचेल आणि पुढे वंगण म्हणून वर्षभर टिकेल, अशी अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. खरा अपराध त्या आवळलेल्या नटाचा होता. तार आत अडकून पूर्ण मागे येत नव्हती, म्हणून शू अर्धवट लागून राहत होते. त्यातच नट आवळल्याने उरलीसुरली ढीलही गेली. लिव्हर हाताला छान, घट्ट लागू लागला, आणि चाक आतून भाजू लागले.

हँडब्रेकसाठी एवढा लांबलचक मजकूर कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीटलचा पायाचा ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, आहे आणि हँडब्रेक निव्वळ तारेवर चालतो. हा दाब तयार करणारा माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे, म्हणजे चारपैकी एका चाकाकडे जाणारी नळी किंवा तिचा रबरी होज फुटला, तर चारही चाकांवरचा पायाचा ब्रेक एकदम जातो. अशा वेळी हँडब्रेकशिवाय दुसरा ब्रेक उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पायाचा आणि उभ्या गाडीचा असे दोन स्वतंत्र ब्रेक सांगितले आहेत ते उगीच नव्हे, आणि आरसी बुकाच्या पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत गाडी दाखवायची असते, हेही माझ्या डोक्यात होतेच.

मिस्त्रींनी गाडी आत घेतल्यावर पहिला अर्धा तास हातात पाना धरलाच नाही. लिव्हरचा रबरी बूट वर सरकवून त्यांनी मला आत पाहायला सांगितले. बीटलमध्ये दोन्ही मागच्या चाकांना स्वतंत्र केबल असते. त्या दोन्ही गाडीच्या मधल्या बोगद्यातल्या नळ्यांमधून पुढे येतात आणि त्यांची आट्यांची टोके लिव्हरच्या बुडाशी वर डोकावतात. उजव्या टोकाच्या नटावर जेमतेम एक बोटभर आटे दिसत होते आणि डाव्या टोकाच्या नटावर त्याच्या दुप्पट. “काका, ही आधीच्या माणसाची सही,” एवढेच ते म्हणाले. मग दोन्ही नट पूर्ण सैल करून, गाडीचा मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवून, त्यांनी एकेक चाक हाताने फिरवले. उजवे मोकळे फिरले. डावे नट सैल करूनही अर्ध्या फेरीत अडत होते. म्हणजे दोष लिव्हरमध्ये नव्हता आणि बोगद्यातही बहुधा नव्हता. तो मागे, ड्रमच्या आत किंवा ड्रमला लागून असलेल्या आउटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या नळीत, होता.

या दोन शक्यतांतला फरक फार जण पाहत नाहीत, आणि या गॅरेजचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते येथेच. ड्रम काढल्यावर मागच्या शूला एक छोटा तरफेसारखा लिव्हर जोडलेला दिसतो, त्याच्या टोकाला केबल अडकवलेली असते. मिस्त्रींनी केबल त्यातून सोडवली आणि तो लिव्हर बोटाने ढकलून पाहिला. तो आपल्या पिनवर जड होता, पण हलत होता आणि स्प्रिंगने परत येत होता. मग त्यांनी केबलचे टोक चिमट्यात धरून ओढले. तार तसूभर बाहेर आली आणि तेथेच राहिली. बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीच्या, मागे आउटर जेथे वळतो, तेथे त्यांनी माझा अंगठा धरून टेकवला. वरच्या काळ्या आवरणाखाली, साधारण वाटाण्याएवढा, एक फुगवटा हाताला लागला. आत गंज वाढला की त्याला जागा लागते, आणि तो आवरण असे आतून वर उचलतो. आउटरच्या टोकाची रबरी टोपी चिरली होती. तेथून चार पावसाळ्यांचे पाणी आत शिरले असावे आणि ते वळण सर्वांत खालचे असल्यामुळे तेथेच साचून राहिले असावे.

तरीही मी हट्ट धरला, की केबल मोकळी करून पाहू. नवी मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जाणार होते आणि माझा जीव गाडीत अडकला होता. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी केबल पूर्ण बाहेर काढली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आउटरच्या वरच्या टोकावर चढवून तो तारेने आवळला, त्या रबरी पेल्यात निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल ओतले, आणि केबल रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली. सकाळी खालच्या टोकाशी ठेवलेल्या डब्यात तांबूस काळपट पाणी जमले होते. त्यांनी तारेचे टोक व्हाइस-ग्रिपमध्ये पकडून, ओढण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे पिळले, मग थोडे आत ढकलले, मग थोडे बाहेर, आणि पाऊण तासाने ती तार लोण्यातून सुरी जावी तशी सरकू लागली. मी खूश झालो. “आता बघा,” असे म्हणून त्यांनी तार पूर्ण बाहेर काढली, कॉटन वेस्टचा, म्हणजे पुसायला वापरतात त्या सुताच्या गुंत्याचा, एक पुंजका तिच्याभोवती धरला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. जेथे फुगवटा होता तेथे कापसाचे धागे तारेत अडकून तुटले. जवळून पाहिल्यावर दिसले, की पिळातले चार-पाच तंतू तुटून काट्यासारखे उभे राहिले होते आणि उरलेले खड्डे पडून बारीक झाले होते.

माझ्या मते या कामातला खरा प्रश्न एवढाच आहे. जाम झालेली केबल मोकळी करता येते. वेळ, तेल आणि सबुरी असली की बहुतेक वेळा ती मोकळी होतेच. पण मोकळी होणे म्हणजे बरी होणे नव्हे. ज्या गंजाने ती अडकवली होती त्याने तिचे तंतूही खाल्लेले असतात, आणि त्या तारेवर आपण गाडी घाटात उभी करणार असतो. कॉटन वेस्ट कोठेही अडकले नाही, तर तेल-ग्रीस करून तीच केबल खुशाल परत घालावी. एका ठिकाणी जरी अडकले, तरी ती टाकून द्यावी. मिस्त्रींनी त्या रात्रीच्या उद्योगाचे पैसे घेतले नाहीत, “तुमची खात्री व्हायला हवी होती” असे म्हणाले. उजवी केबल वेस्टच्या परीक्षेत उतरली होती. तरी दोन्ही बदलाव्यात असे त्यांचे मत पडले, कारण नवी तार सुरुवातीला थोडी ताणते आणि एक जुनी, एक नवी असली की दोन्ही चाकांचा जोर सारखा राखताना नाकी नऊ येतात. मला ते पटले.

आता केबलविषयी. शेवटची जुन्या धाटणीची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी तयार झाली आणि एकूण उत्पादन दोन कोटी पंधरा लाखांच्या वर गेले, त्यामुळे या गाडीचे भाग आजही नवे तयार होतात. पंचाईत मिळण्याची नाही, योग्य मिळण्याची आहे. वर्षागणिक केबलची लांबी थोडीथोडी बदलत गेली आहे, आणि ‘बीटलसाठी’ एवढ्याच वर्णनावर विकली जाणारी केबल आपल्या गाडीची असेलच असे नाही. देशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेला पहिला जोड जुन्या केबलशेजारी जमिनीवर सरळ ठेवला, तेव्हा तो सुमारे दोन सेंटिमीटर लांब निघाला. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण पुढचे आटे तेवढ्यातच संपतात आणि ताण येण्यापूर्वीच नट तळाशी टेकतो. विक्रेत्याने जोड परत घेतला, पण कुरिअरचा खर्च माझ्या माथी मारला. दुसरा जोड मी चॅसिस क्रमांक आणि जुन्या केबलची मोजलेली लांबी कळवून परदेशातून मागवला. केबलची किंमत आणि तिला पुण्यापर्यंत आणण्याचा खर्च जवळजवळ सारखा झाला. वस्तू मात्र चांगली होती: तार जस्ताच्या मुलाम्याची, आउटरला आतून-बाहेरून आवरण, आट्यांच्या टोकाला पेचकस बसेल अशी खाच. बॅकप्लेटवर बसणारी पत्र्याची क्लिप किंचित जाड होती, ती कानशीने घासावी लागली. रबरी टोपी जुन्यापेक्षा पातळ वाटते आणि ती किती पावसाळे काढील याची मला शंका आहे.

नाना पेठेत नमुना दिला की केबल बनवून देणारेही आहेत, आणि क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलसाठी मी त्यांच्याकडे गेलो आहे. हँडब्रेकसाठी माझे मन झाले नाही. टोकाची दाबून बसवलेली टोपी निसटली, तर क्लचची केबल आपल्याला रस्त्याच्या कडेला उभे करते. हँडब्रेकची केबल गाडीलाच निघून जाऊ देते.

बसवण्याचे काम दोन दिवसांचे झाले आणि त्यातला बहुतेक वेळ केबलवर नव्हे, ड्रमवर गेला. बीटलचा मागचा ड्रम काढायचा म्हणजे ॲक्सलचा ३६ मिलिमीटरचा नट सोडवावा लागतो आणि तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो. घोड्यांवरच्या गाडीवर तेवढा जोर लावणे म्हणजे ती अंगावर ओढून घेणे. त्यानंतर ब्रेकचे दातेरी ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावे लागतात, नाहीतर झिजलेल्या ड्रमच्या काठात ते अडकतात. ड्रम निघाल्यावर गॅरेजातला पोऱ्या सवयीने कॉम्प्रेसरची नळी घेऊन धावला, आणि मिस्त्रींनी त्याला जागेवरच थांबवले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ हवेत उडवणे छातीला घातक आहे. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसून घेतली. शू ढकलणारे व्हील सिलिंडर कोरडे होते, लायनिंग पुरेसे होते, म्हणून त्यांना हात लावला नाही.

बोगद्यातल्या नळ्यांकडे मात्र त्यांनी नीट लक्ष दिले. पातळ तारेला फडक्याची चिंधी बांधून, ती डिझेलमध्ये बुडवून, नळीतून चार वेळा आरपार ओढली; पहिल्या वेळी चिंधी गेरूत बुडवल्यासारखी बाहेर आली, चौथ्या वेळी नुसती मळकट. मग नवी केबल ग्रीस चोपडत मागून आत सरकवली, तशी ती लिव्हरपाशी आपोआप वर आली. ड्रमकडच्या टोकाला ग्रीस अगदी बेताने लावले, कारण तेथे जास्त झालेले ग्रीस उन्हाळ्यात वितळून लायनिंगवर उतरते. शूवरच्या लिव्हरची जड झालेली पिन काढून पॉलिश पेपरने साफ केली. हे शेवटचे काम वगळले असते, तर नवी केबल घालूनही ब्रेक मागे यायला कुरकुरला असता.

ॲक्सलचा नट परत आवळताना मी मुद्दाम जवळ उभा राहिलो, कारण हा नट सुमारे ३०० न्यूटन मीटरला आवळायचा असतो आणि गॅरेजात टॉर्क पाना दिसत नव्हता. मिस्त्रींनी पान्याला बरोबर एक मीटरचा पाइप लावला, त्याच्या टोकाला भंगारवाल्याकडे असतो तसा काट्याचा स्प्रिंग ताणकाटा अडकवला, आणि काटा तीस किलोंवर येईपर्यंत ओढले. एक मीटरवर तीस किलोंचा जोर म्हणजे जवळजवळ तेवढेच. स्प्लिट पिनचे भोक जुळत नव्हते, तेव्हा त्यांनी नट मागे न घेता आणखी पुढे नेऊन ते जुळवले. एवढे पाहिल्यावर मी चहा प्यायला गेलो.

समायोजनाचा क्रम त्यांनी उलटू दिला नाही. आधी केबल ढिल्या ठेवून प्रत्येक शू दातेरी चाकाने ड्रमला लावून थोडा मागे घेतला, पायाचा ब्रेक काही वेळा दाबून शू मध्यावर बसवले, आणि मगच लिव्हरपाशी नट आवळायला घेतले. लिव्हर दोन दात वर असताना चाक हाताने कष्टाने फिरावे आणि चौथ्या दाताला दोन्ही चाके हलू नयेत, हे बीटलचे माप आहे. केबल आवळताना तिच्या टोकाच्या खाचेत पेचकस धरून ठेवावा लागतो, नाहीतर तारच पिळली जाते. शेवटी चेकनट, म्हणजे पहिला नट सैल होऊ नये म्हणून वरून आवळायचा दुसरा नट. आधीच्या गॅरेजने नेमकी येथून सुरुवात केली होती.

तक्रारी नाहीत असे नाही. तीन दिवसांचे काम म्हणून गाडी घेतली आणि ती ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा मिळाली. त्यातले काही दिवस चुकीच्या केबलमुळे गेले हे खरे, पण मधले तीन दिवस गाडी नुसती उभी होती आणि फोन केल्यावर “उद्या” हेच उत्तर मिळत होते. बिल मागितल्यावर वहीचा कागद मिळाला, त्यावर एकच आकडा होता, ४,५००. दोन्ही बाजूंच्या ड्रमसह एवढ्या कामाला तो वाजवी आहे, पण आरटीओसाठी किंवा स्वतःच्या नोंदीसाठी कामाचा तपशील हवा असेल, तर तो आधीच ठणकावून सांगावा. लिव्हरचा बूट तिरका बसवला होता, तो मी घरी येऊन सरळ केला, आणि आतल्या पांढऱ्या छताच्या कापडावर ग्रीसचे एक बोट उमटले आहे, ते अजून गेलेले नाही.

तीन आठवड्यांनी लिव्हर चौथ्या दाताऐवजी सहाव्यावर येऊ लागला. मिस्त्रींनी हे आधीच सांगून ठेवले होते. नव्या तारा ताणून बसल्या होत्या. दहा मिनिटांत नट पुन्हा आवळून दिले, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर कात्रजच्या जुन्या घाटात, चढावर आणि उतारावर, दोन्ही तोंडांनी गाडी नुसत्या हँडब्रेकवर उभी करून पाहिली, आणि खाली आल्यावर दोन्ही ड्रमना हात लावला. दोन्ही सारखेच कोमट होते.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जावे आणि आधी पायी जाऊन वेळ ठरवावी, कारण शेडमध्ये एका वेळी एकच जुनी गाडी मावते आणि दुसरी बाहेर बोळात उभी करावी लागते. बोळाला चांगलाच उतार आहे, तेव्हा लाकडी ठोकळा सोबत न्यावा.